तावडेकाका आणि श्रीखंडाचा डबा

"इली गो इली!" असं तावडेकाका ओरडले, तेव्हा मला वाटलं लिफ्ट आली.

मी खाली ठेवलेली पिशवी उचलली, तनूला खांद्यावर सावरलं आणि दरवाज्यासमोर उभी राहिले. लिफ्ट अजून वरच होती. आली होती ती तनूची शू. माझ्या कुर्त्यावरून ओघळत ती थेट चपलेपर्यंत पोचली. काकांचा चेहरा मात्र शंभर मार्क मिळाल्यासारखा खुलला होता.

"सांगितलं होतं ना? मी बोललो आणि इली!"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. खरं तर 'तुम्ही कोण?' असं विचारायला हवं होतं.

"पोर सांगत होती की. भुवया चढवल्यान, मग गप झाली, मग जरा थरथरली. तू लिफ्टच्या आकड्याकडे बघत होतीस. तिच्याकडे कोण बघणार?"

आम्ही तेव्हा घाटकोपरला पंतनगरमध्ये नवीनच राहायला आलो होतो. समोरच्या दारावर 'द. रा. तावडे' अशी पाटी होती, आणि त्या दारातून रोज पहाटे जोरजोरात गुळण्या केल्याचा आवाज येई. एवढीच ओळख. तनू चार महिन्यांची होती. डायपरने तिला लाल चट्टे उठले होते, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस मोकळं ठेवायला सांगितलं होतं. त्याच डॉक्टरांकडून आम्ही परत येत होतो. डायपर नाही हे माझ्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ काय, हे लिफ्टसमोर कळलं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. लुंगी, वर पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा आणि हातात श्रीखंडाचा रिकामा डबा. तोही लग्नाच्या ऑर्डरीचा, पाच किलोचा.

"हा धर. धुतलेला हाय. काठ बघ, गोल हायत, लागणार नायत पोरीला. दुकानातल्या त्या बदकाच्या भांड्यांवर पैसे फुकट घालवू नको. त्याच्यावर बसायला पोर एक वर्षाची व्हायला लागते. तोपर्यंत काय, वाट बघायची?"

"पण काका, एवढ्या लहान बाळाला काय कळतं?"

"पोर बरोबर सांगता. आपणच बहिरे."

हे काकांचं लाडकं वाक्य. पुढच्या दोन महिन्यांत मी ते इतक्यांदा ऐकलं की झोपेतही पाठ म्हणून दाखवलं असतं. काकांची सगळी हयात साकीनाक्याच्या एका डाइंगच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेली होती, त्यामुळे त्यांना जग प्रेशरमध्येच दिसे. सोसायटीचा सेक्रेटरी मीटिंगमध्ये तापला की "ह्याचा काटा लालमध्ये गेला" म्हणत. माझा नवरा संदीप सकाळी पेपर घेऊन आत गेला आणि वेळेत बाहेर आला नाही की "स्टीम बनत नाय वाटतं" म्हणत. आणि बाळ म्हणजे तर त्यांच्या मते देवानं बनवलेला सगळ्यात लहान बॉयलर.

"बॉयलर कधी न सांगता फुटत नाय गो. आधी काटा हलतो, मग आवाज बदलतो. तू फक्त बघत राहायचं."

तनूच्या काट्यांची त्यांनी मला रीतसर ओळख करून दिली. दूध पिता पिता मधेच सोडून दिलं आणि छताकडे टक लावली, तर शू. मुठी आवळून लाल झाली, तर दुसरं. त्या दुसऱ्याला ते 'ब्लोडाउन' म्हणत. बॉयलरच्या तळाचा गाळ झडप उघडून बाहेर सोडतात, त्याला कारखान्यात तसं म्हणतात म्हणे. भर जिन्यात चार बायका उभ्या असताना ते मला विचारत, "काय गो, आज ब्लोडाउन झाला?" आणि त्या बायकांना वाटे, माझ्याच तब्येतीची चौकशी चाललीय.

धरायची पद्धतही ठरलेली. बाळाची पाठ आपल्या पोटाला टेकवायची, दोन्ही मांड्यांखाली हात घालून उकिडवं धरायचं, खाली डबा, आणि कानाशी हळू "शूऽऽऽ". झोपून उठल्यावर एकदा, दूध प्यायल्यावर एकदा, आणि मधे पोर सांगेल तसं. वाशीमहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना हे सगळं नवलाईनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अवो, मंग आमी काय येगळं करत होतो? पाय लांब करून पायावर बसवायचो. तुमचा संदीप सात म्हयन्यांचा असताना गोधडी वली करत नव्हता." संदीपनं ते स्पीकरवर ऐकलं आणि गॅलरीत निघून गेला.

काकांचा एक नियम मात्र कडक होता. "चुकलं तर पोरीला एक शब्द बोलायचं नाय. तोंडसुद्धा वाकडं करायचं नाय. चुकला तो बघणारा."

आणि सुरुवातीला बघणारे खूप चुकले. सतरंजी, सोफा, संदीपचा ऑफिसचा लॅपटॉप, सगळ्यांनी प्रसाद घेतला. पण एका सकाळी मी तिला डब्यावर धरलं, "शूऽऽ" म्हटलं आणि डब्यात टपटप आवाज झाला. मी इतक्या जोरात किंचाळले की काका समोरून अनवाणी धावत आले. डब्यात वाकून बघून म्हणाले, "झकास!" मग आम्ही दोघांनी डबा मधे ठेवून चहा घेतला. संदीप म्हणाला, "यार, निदान तो डबा तरी उचला." त्यानंतर आमच्या घरात कुणी श्रीखंड खाल्लेलं नाही.

वाट लागली ती वेगळ्याच ठिकाणी. तनूचं शिक्षण इतकं पक्कं झालं की "शूऽऽ"सारखा कुठलाही आवाज तिला हुकूम वाटू लागला. कुकरची वाफ सुटली, की तिचीही सुटे. इस्त्रीवाल्यानं पाण्याचा फवारा मारला, की तेच. डाळ शिजायच्या वेळेला मी एक डोळा गॅसवर आणि एक तनूवर ठेवून उभी. काकांना मी तक्रार केली तर ते कौतुकानं म्हणाले, "हुशार हाय. प्रेशर ओळखता."

काकांना घराबाहेरही चैन पडत नसे. भाजी बाजारात एका गुजराती बाईंच्या कडेवर गुटगुटीत मुलगा होता. काका मेथी निवडता निवडता थांबले आणि म्हणाले, "बेन, दो मिनिट में आपका छोकरा करेगा." त्या बाईंनी पोराला पदराखाली लपवलं. भाजीवाल्यालाही वाटलं म्हातारा नजर लावतोय. दोन मिनिटं कसली, मेथीची जुडी पिशवीत जायच्या आत बेनची साडी भिजली. मग त्या काकांच्या मागे लागल्या, "अंकल, कैसे मालूम पड़ा?" काका तिथेच कांद्याच्या ढिगासमोर शिकवायला बसले. मी भाजी घेऊन घरी आले, स्वयंपाक झाला, तरी त्यांचा वर्ग सुटला नव्हता.

आणि एकदा विहारात. आम्ही रविवारी तनूला घेऊन वंदनेला जायचो. एकदा काका म्हणाले, "मीपण येतंय. तू हात जोडून बसशील, पोरीकडे कोण बघणार?" वंदना झाली आणि मग सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले. पंखा तेवढा फिरत होता. शंभर माणसांत डोळे उघडे फक्त दोघांचे, तनूचे आणि तिच्याकडे बघत बसलेल्या काकांचे. त्या शांततेत एकदम आवाज घुमला, "इली गो इली!"

पुढच्या रांगेतल्या एक आजी दचकून म्हणाल्या, "कोण आलं?"

तोवर काका पोरीला घेऊन दाराबाहेरच्या मोरीपाशी पोचलेसुद्धा. परत आले ते छाती पुढे काढून. आत सगळे हसू दाबत होते. नंतर त्या आजींनी काकांना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या शांततेत तुमचंच खरं लक्ष एका जागी होतं." काकांनी हे वाक्य बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला सांगितलं.

असे मजेत दिवस चालले होते आणि माझी रजा संपत आली. अंधेरीचं ऑफिस, सकाळी नऊला निघायचं, यायला सात. स्टेशनकडच्या रस्त्यावर एक पाळणाघर मी बघून ठेवलं होतं. स्वच्छ, हवेशीर, बायकाही प्रेमळ. फक्त त्यांची एक अट होती, बाळाला डायपर पाहिजे. "मॅडम, बारा पोरं आहेत. एकेकाच्या भुवया कोण बघणार?" त्यांचंही बरोबर होतं.

मी काकांना हे सहज चहा पिताना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे परत बांधणार तिला?"

"काका, इलाज नाही. दिवसभराचा प्रश्न आहे."

"ती सांगते ना? इतके दिवस सांगते. आता ती सांगणार आणि कोण ऐकणार नाय. मग ती सांगायचं बंद करणार."

"लहान आहे हो. विसरून जाईल."

"कोण विसरत नाय!" काका एकदम उभे राहिले. आवाज इतका चढला की तनू रडायला लागली. "बोलता येत नाय म्हणून बांधून ठेवायचं? तिच्याच घाणीत? तुला कुणी ठेवलं तर चालेल?"

मलाही राग आला. रात्री झोप नाही, ऑफिसचं टेन्शन, त्यात हे. मी म्हटलं, "काका, मुलगी माझी आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवेन."

काकांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसला, चप्पल घातली आणि गेले. समोरचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. पहाटेच्या गुळण्या तेवढ्या ऐकू येत. लिफ्टपाशी आम्ही दिसलो तर जिन्याने जात. तनू त्यांना बघून हात हलवायची, ते मान खाली घालून एकेक पायरी उतरायचे. मी संदीपला म्हटलं, "एका डायपरवरून एवढं?" तो म्हणाला, "म्हातारी माणसं अशीच असतात गं, एकटे आहेत, हट्टी होतात." मलाही तेच पटलं.

रविवारी दुपारी बेल वाजली. पंचेचाळिशीच्या एक बाई दारात होत्या. त्या काकांची मुलगी, संगीताताई. कळव्याला राहतात. काका भाजीला गेले होते, घराला कुलूप होतं, म्हणून त्यांनी आमची बेल वाजवली. मी त्यांना आत बसवलं. तेवढ्यात तनू झोपेतून उठली, म्हणून मी तिला सवयीनं उचलून डब्यावर धरलं आणि "शूऽऽ" केलं.

संगीताताई बघतच राहिल्या.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्या बाबांनी! तुमच्यावरच सगळे प्रयोग झाले असणार ना?" मी हसत म्हटलं.

"माझ्यावर? बाबांनी?" त्या हसल्या नाहीत. "बाबांनी मला लहानपणी उचलल्याचंसुद्धा आठवत नाही. त्यांची कायम शिफ्ट. घरी आले की झोप, उठले की डबा घेऊन बाहेर. माझं सगळं आईनं केलं. बाबांना मी कितवीत आहे ते शेजाऱ्यांनी सांगायचं."

"मग हे?"

त्यांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"आईला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. हॉस्पिटलमध्ये तिला डायपर बांधलं. मोठ्या माणसांचं असतं ते. घरी आणल्यावरही तेच, बाई ठेवली होती बदलायला. आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आणि तिनं पाणी प्यायचं सोडलं. चमचा लावला की ओठ घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, गिळता येत नसेल. आम्हालाही तसंच वाटलं. बाबांच्या एकट्याच्या लक्षात आलं. म्हणाले, तिला गिळता येतंय. तिला परत ओलं व्हायचं नाही, म्हणून ती पीत नाही."

मी तनूला मांडीवर घेतलं.

"त्या दिवशी त्यांनी ते सगळं काढून टाकलं. बाई बंद केली. पलंगाशेजारी एक बुटका स्टूल घेतला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. मी रोज भांडायचे, बाबा, तुम्हाला जमणार नाही हे. सुरुवातीला चादरीच्या चादरी भिजायच्या. हे धुवायचे, वाळत घालायचे, परत येऊन बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत तिला. मग हळूहळू जमलं. भुवई हलली की उठायचे, उचलून खुर्चीवर बसवायचे. आई परत पोटभर पाणी प्यायला लागली. जाईपर्यंत तिला परत ते बांधावं लागलं नाही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "जन्मभर ज्यांनी एकमेकांकडे धड बघितलं नाही, ती दोघं दिवसभर समोरासमोर. मला तर आधी वाटलं भांडलेत की काय."

जिन्यात काकांच्या चपला वाजल्या. संगीताताईंनी डोळे पुसले आणि "मी सांगितलं म्हणू नका हां," असं म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी तनूला घेऊन समोरची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, पण बाजूला झाले नाहीत.

"काका, एक काम होतं तुमच्याकडे."

"बोल."

"पाळणाघरात चारपर्यंतच ठेवते तिला. चार ते सात तुम्ही सांभाळाल? मला दुसऱ्या कुणाकडे ठेवायची नाही."

तनूनं त्यांच्या चष्म्याची दोरी पकडली.

"बांधलेली आणणार?"

"तिथं बांधू द्या. तुमच्या दारात आली की काढा."

काकांनी दोरी तनूच्या मुठीतून न सोडवताच तिला माझ्याकडून घेतलं.

"पाळणाघरातल्या बाईंना एक सांग. बदलताना तिच्याशी बोलत बदलायचं. मुकाट्यानं नाय. पातेलं पुसत नायत ते. माणूस हाय."

मी पाळणाघरात तसं सांगितलं. बाई आधी हसल्या, पण नंतर एकदा मी लवकर गेले तेव्हा आतून आवाज येत होता, "चला तनूबाय, आता आपण पाय वर करूया, हां, शाब्बास." आता तिथल्या सगळ्याच पोरांशी त्या बोलतात म्हणे. काका रोज चारच्या आधीच जाऊन फाटकात उभे असतात. तनू आता भिंतीला धरून चालते, दारापाशी येते आणि काकांची लुंगी ओढून स्वतःच सांगते. काका तिला घेऊन पळतात. काही वेळा पोचतात, काही वेळा नाही.

परवा मी ऑफिसातून जरा लवकर सुटले. काकांचं दार उघडंच होतं. तनू गादीवर झोपली होती आणि काका शेजारी त्या बुटक्या स्टुलावर बसले होते. टीव्ही बंद, पेपर घडी केलेला. नुसते तिच्याकडे बघत होते.

"काका, झोपलीय ती. आता काय बघताय?"

"काय नाय गो. सवय."

मी जमिनीवर टेकले. भिंतीवर काकूंचा फोटो होता. नाकात नथ, बघणं कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, लाजल्यासारखं. मी फोटोकडे बघतेय हे काकांच्या लक्षात आलं. काकूंबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"हिच्या हनुवटीखाली तीळ होता," ते म्हणाले. "बारीकसा. मोहरीएवढा."

मी फोटोत शोधायला लागले.

"त्याच्यात नाय दिसायचा. फोटोवाल्यानं समोरून काढलाय. खाली बसून वर बघितलं तरच दिसतो." त्यांनी तनूच्या अंगावरची चादर सारखी केली. "सगळा संसार झाला गो आमचा. पोर झाली, पोरीचं लगीन झालं. माका ठावच नव्हता."